डावखुऱ्यासाठी फोल्डिंग स्टॉक: डावीकडे मिटणारा, उजवीकडे मिटणारा, की घडीविनाच?

फोल्डिंग स्टॉक, म्हणजे रायफलचा मिटवता येणारा दस्ता, घ्यायला निघालेला डावखुरा नेमबाज आधी एवढंच विचारतो, ‘डाव्या हाताला चालेल ना?’ मीही विचारलं होतं. ‘दोन्ही हातांना चालतो,’ असं उत्तर मिळालं. चालत होताच, फक्त चीकपीसची (गाल टेकण्याच्या तुकड्याची) उंची धरून ठेवणारा गोल स्क्रू उजव्या अंगाला होता. उजव्या हाताने नेम धरणारा स्टॉकच्या डाव्या अंगाला गाल टेकतो, त्याला तो स्क्रू जाणवतही नाही. आपला गाल येतो उजवीकडे. दोन तासांच्या सरावानंतर आरशात पाहिलं, तर गालावर स्क्रूच्या दात्यांचा ठसा.

खरं तर घडीची दिशा हातावर ठरत नाही. बोल्टची, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणाऱ्या सरकत्या दांड्याची, मूठ कुठे आहे, यावर ठरते.

आपल्यापैकी बरेच जण उजव्या बोल्टचीच रायफल वापरतात, कारण डाव्या बोल्टची मॉडेल्स मोजकीच निघतात. अशा रायफलला डावीकडे मिटणारा स्टॉक बरा. मिटला तरी बोल्ट मोकळा राहतो, उघडून चेंबर (काडतूस बसण्याची जागा) रिकामं आहे की नाही ते पाहता येतं. उजवीकडे मिटणारा स्टॉक मुठीवरच येऊन बसतो. काही चॅसिसमध्ये (स्टॉक जोडलेल्या सांगाड्यात) मूठ अडकायला खाच ठेवलेली असते. त्यामुळे बोल्ट हलत नाही आणि गाठोडं कमी रुंद होतं. पण चेंबर पाहायचं तर आधी स्टॉक उघडा, मग बोल्ट. मला हे पटत नाही. बोल्ट डावा असेल, तर हा सगळा हिशेब उलटा.

हिशेब उलटा होतो, पण पूर्ण नाही. उजवीकडे मिटताना स्टॉकचं उजवं अंग रायफलला भिडतं, आणि डावखुऱ्याचा चीकपीस नेमका त्याच अंगाला फुगलेला असतो. जास्त फुगवटा असेल तर तो आधीच टेकतो आणि घडी पक्की करणारा खटका लागत नाही. म्हणून डाव्या बोल्टवाल्याने चीकपीस आपल्या गालाप्रमाणे सरकवून, मगच स्टॉक मिटवून पाहावा. दुकानात मांडून ठेवलेल्या नमुन्यावर चीकपीस मधोमध असतो, तिथे सगळं सुरळीत मिटतं.

सेमी-ऑटोमध्ये, म्हणजे दर गोळीनंतर पुढची आपोआप भरणाऱ्या रायफलींमध्ये, निवडीला फारसा वाव नसतो. एके-७४एमचा स्टॉक डावीकडे मिटतो, गलील आणि जी३६ चा उजवीकडे. एआर-१५ ची बफर ट्यूब (धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगची नळी) स्टॉकच्या आतच असते, त्यामुळे अ‍ॅडॉप्टर लावल्याशिवाय घडी नाही, आणि मिटलेल्या अवस्थेत तिची यंत्रणा नीट फिरत नाही.

आता घडीविना, खास डावखुरा स्टॉक. चीकपीस उजवीकडे, तळव्याचा फुगवटा डावीकडे, आणि बट (स्टॉकचं खांद्याला टेकणारं टोक) किंचित डावीकडे वळवलेला, म्हणजे डोळा आपसूक स्कोपमागे येतो. बिजागरी नाही, म्हणून वजन कमी आणि ढिलाईचा प्रश्नच नाही. तोटा विकताना कळतो: गिऱ्हाईक डावखुरंच शोधावं लागतं. रायफल फक्त घर ते रेंज एवढाच प्रवास करणार असेल, तर मी हाच घेईन. घडीने लांबी वाचते ती साधारण वीतभर. तेवढ्यासाठी बिजागरी कशाला सांभाळायची? शिवाय घडीचा स्टॉक घेण्याआधी कायदा पाहावा लागतो. कॅनडात घडी घालून ६६० मिलिमीटरपेक्षा आखूड होणारी आणि तशीच झाडता येणारी रायफल ‘रिस्ट्रिक्टेड’, म्हणजे निर्बंधित, वर्गात मोडते. अमेरिकेतल्या केंद्रीय नियमातही मर्यादा २६ इंचांची, म्हणजे तेवढीच, पण ती स्टॉक उघडा ठेवून मोजतात.

घडीचाच घ्यायचा ठरला, तर आधी बिजागरी तपासा. स्टॉक उघडून बिजागरीचा खटका लावा, रायफल घट्ट धरा आणि बट वर-खाली, आडवा हलवून पाहा. कानाला टिकटिक ऐकू आली नाही तरी गालाला कळते.

मग जुळवणी. मॅगझिन बाहेर, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं. कोपर काटकोनात वाकवून बट त्याच्या खोबणीत ठेवा. ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर आलं पाहिजे. बऱ्याच रायफली ट्रिगर ते बट हे अंतर सुमारे ३४ सेंटिमीटर धरून बनवतात, आपला हात काय म्हणतो ते पाहावं. मग बट प्लेट, मग चीकपीस, स्कोप सर्वांत शेवटी. डोळे मिटून गाल टेकवा आणि डोळा उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल दिसला तर ठीक. कडेला काळी चंद्रकोर दिसली, तर मान ताणू नका, चीकपीस किंवा स्कोप हलवा.

माझ्या स्क्रूचं पुढे काय झालं? मी तो काढून उलट्या बाजूने, म्हणजे डावीकडून बसवला. गाल सुटला. संध्याकाळी स्टॉक डावीकडे मिटवायला गेलो, तर स्क्रूचं डोकं रायफलच्या अंगाला थडकलं आणि घडी दोन बोटं उघडीच राहिली. शेवटी डोकं आत बुडणारा, अ‍ॅलन चावीचा स्क्रू लावला. उंची बदलायला आता चावी लागते, पण मी ती वर्षातून एकदाच बदलतो.