माल्टा: ग्रँडमास्टर्स पॅलेसमधली टॅपेस्ट्री चेंबर (नक्की बघा, पण थोडं वाचून जा)

माल्टाच्या राजधानीत, व्हॅलेटाला आलेले बरेच लोक पॅलेसमध्ये शस्त्रागार बघतात, चिलखतांसोबत फोटो काढतात आणि निघतात, प्लीज असं करू नका, टॅपेस्ट्री चेंबरला निवांत वेळ द्या. 1708 मध्ये, तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या नाइट्सचे (ख्रिस्ती योद्ध्यांच्या संघाचे) प्रमुख म्हणजे ग्रँड मास्टर पेरेयोस यांनी पॅरिसच्या गोब्लँ कारखान्याला टॅपेस्ट्रींची, म्हणजे भिंतीवर लावायच्या चित्रं विणलेल्या पडद्यांची ऑर्डर दिली, 1710 ला हे पडदे इथे पोचले आणि आजही त्याच दालनात आहेत. 1921 ते 1976 माल्टाची संसद याच पडद्यांखाली भरायची!

विणकाम बघून खरंच थक्क व्हायला होतं. एका पडद्यात बिबट्यासारखं जनावर झेब्र्यावर झेपावलंय, बाजूला गेंडा, आणि वर बहुतेक झाडंफळं ब्राझीलची. आफ्रिका, आशिया, अमेरिका सगळं एकाच रानात कोंबलंय, कारण व्हर्सायच्या फ्रेंच दरबाराला ‘तिकडचं’ म्हटलं की सगळं सारखंच. आणि माणसंही त्याच रांगेत, फळं, मासे, पक्षी, तसाच एक धनुष्यवाला मूळनिवासी. दुसऱ्या पडद्यात दोन काळे पुरुष खांद्यावर डोली वाहतायत, तिथे मी बराच वेळ उभी होते.

मूळ चित्रं एखाउट आणि पोस्ट या डच चित्रकारांची, योहान मॉरिट्स 1637 ते 1644 डच ब्राझीलचा गव्हर्नर होता त्याच्यासोबत ते गेले होते. साखरेच्या मळ्यांना गुलाम माणसं हवीत म्हणून याच मॉरिट्सने 1637 मध्ये आफ्रिकेतला (आजच्या घानातला) एल्मिनाचा किल्ला घ्यायला जहाजं पाठवली, आणि 1679 ला ही चित्रं फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईला भेट दिली. आता पडद्यांत शोधा, उसाच्या घाण्यावर राबणाऱ्या माणसांना ठळक जागा कुठेच नाही, त्यांच्या कष्टावर उभा राहिलेला सगळा पैसा आणि चित्रात नुसती हिरवीगार समृद्धी, याचा मला फार राग आला. पडद्यांच्या वर, भिंतीवरच्या पट्टीत नाइट्सच्या लढाया रंगवल्यात, त्यांच्या गॅलींवर (वल्ह्यांच्या जहाजांवर) वल्ही मारायलाही गुलाम असायचे.

रोमच्या व्हिला मेदिचीत, म्हणजे तिथल्या फ्रेंच कला अकादमीत, याच मालिकेतले पडदे आहेत, तिथे राहणाऱ्या काही कलाकारांनी ते काढा म्हणून आवाज उठवला होता. माझं मत, काढू नयेत, पण मुलांना नेलंत तर एल्मिनाचं नाव नक्की सांगा.

पडदे उंचावर आहेत, लांबचा चष्मा असेल तर सोबत ठेवा. माझ्याकडून पाचपैकी पाच.