‘ब्लॅक ब्यूटी’: घोड्याचं काम शिकू पाहणाऱ्या पोरांसाठी

अॅना स्युएल यांचं ‘ब्लॅक ब्यूटी’ दुकानात लहान मुलांच्या कप्प्यात मिळतं, पण ते लिहिलं गेलं घोडे सांभाळणाऱ्या आणि हाकणाऱ्या माणसांसाठी. २४ नोव्हेंबर १८७७ ला ते इंग्लंडात छापून आलं आणि पाच महिन्यांत, २५ एप्रिल १८७८ ला, लेखिका वारल्या. लहानपणी पाय दुखावल्यामुळे त्यांना जन्मभर नीट चालता आलं नाही. जायचं-यायचं ते घोडागाडीतून. त्यामुळे घोड्याच्या पाठीकडे, कानांकडे, पायांकडे तासन्‌तास पाहिलेल्या बाईचं हे एकुलतं एक पुस्तक आहे, आणि ते पाहणं पानापानावर कळतं.

गोष्ट घोडा स्वतः सांगतो. शिंगरू असल्यापासून म्हातारपणापर्यंत त्याचे मालक बदलत जातात आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्यावर देखरेख करणारा माणूस वेगळा असतो. आपल्याकडच्या वाचकाच्या कामाचा माल इथेच आहे. घोड्याला जी जी इजा होते, तिच्यामागे कोणीतरी न केलेलं एक नेमकं काम असतं: खूर पाहिला नाही, खिळा पाहिला नाही, दाणा मोजला नाही. दुष्ट माणसं यात थोडी. बहुतेक नुकसान आळसानं आणि अडाणीपणानं होतं. म्हणून मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा), नालबंद, घोडीवाला किंवा पशुवैद्य व्हायची इच्छा असलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला पहिलं पुस्तक कोणतं द्यावं, याचं उत्तर हेच. अट एकच. इंग्लंडच्या थंडीतले काही सल्ले विदर्भात उलटे करून शिकवावे लागतात, नाहीतर घोडा जिवाला मुकेल.

आपल्या मुलांना बैल लहानपणापासून ठाऊक असतो. तान्ह्या पोळ्याला लाकडाचा बैल ओढत ती गावभर फिरतात. घोडा दिसतो तो नवरदेवाखाली, नाहीतर मेंढपाळांच्या बिऱ्हाडात ओझं लादलेला. त्याला काय दुखतं, काय खुपतं, हे सांगणारं घरात कोणी नसतं. ती जागा हे पुस्तक भरून काढतं.

सगळ्यात उपयोगी प्रकरण ३१ वं. अल्फ्रेड स्मर्क नावाचा देखणा, गोडबोल्या मोतद्दार आयाळ-शेपूट पाण्यानं नीट करून घोडा वरून चकचकीत ठेवतो, पण तबेल्यातलं ओलं गवत काढत नाही आणि खूर उचलून पाहत नाही. घोडा अडखळू लागतो. नालबंद पाय उचलून बघतो तर तळवा सडलेला. हा रोग आपल्याकडे पावसाळ्यात घरोघरी होतो, कारण काळ्या मातीचा चिखल खुरात गच्च बसतो आणि आतला ओलावा बाहेर पडत नाही. मुलाला हे प्रकरण वाचून दाखवलं की लगेच घोड्याजवळ न्यावं. पुढच्या पायापासून सुरुवात करावी. खांद्याजवळ उभं राहून हात पायावरून खाली सरकवायचा आणि पाय उचलल्यावर आकड्यानं टाचेकडून पुढच्या टोकाकडे माती काढायची. उलट दिशेनं ओढलं तर आकडा टाचेच्या मऊ भागात घुसतो. तळव्याच्या मध्ये त्रिकोणी, रबरासारखा लवचिक भाग असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत काळा चिकट मळ आणि नाक धरावं असा वास आला, तर सड लागली असं समजायचं. खाचा कोरड्या पुसून पशुवैद्यक सांगतील त्या ताकदीचं आयोडीन कापसानं आतपर्यंत लावावं. पण तळ ओला राहिला तर औषध कितीही लावा, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मुरूम कुटून, मागच्या बाजूला उतार देऊन जागा केली, लीद-मूत रोज काढलं, तरच सड जाते. स्युएल यांनीही औषधाबरोबर बोट तिथेच ठेवलं आहे.

त्याआधीचं, ३० वं प्रकरण चोरीचं. फिल्चर नावाचा मोतद्दार घोड्याचे ओट घरच्या सशांसाठी पळवतो. घोडा मऊ पडतो, लवकर घामाघूम होतो, आणि मालकाला काही उमगत नाही. एक शेतकरी मित्र घोड्याकडे पाहून सांगतो की दाण्यात गडबड आहे. यातून मुलानं शिकायचं ते मोजमाप. तीनशे किलोच्या देशी घोड्याला दिवसाला सुमारे सहा किलो सुका चारा लागतो, म्हणजे वजनाच्या दोन टक्के. एका वेळचा दाणा दीड किलोच्या वर नको. भिजवलेले हरभरे एकदम जास्त घातले की पोटशूळ उठतो आणि घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे खाल्लेलं बाहेर पडायचा मार्गच नसतो. कोवळी हिरवी ज्वारी घोड्याला घालू नये. तिच्यानं मूत्राशय बिघडतं, मागचे पाय लटपटतात. वाळलेला कडबा त्या मानानं बराच सुरक्षित. आणि बैलांसाठी आणलेलं तयार पशुखाद्य घोड्याच्या तोबऱ्यात कधीच टाकू नये. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गायीला ते चालतं, घोड्याचं हृदय मात्र थोड्याशा मात्रेनंही बंद पडतं. हे पुस्तकात नाही, असूही शकत नव्हतं. पण एकाच गोठ्यात बैल आणि घोडी बांधणाऱ्या घरात हे पहिल्या दिवशी सांगायला हवं.

पुस्तकात घोड्याला वाफवलेला कोंडा देतात. आजारी घोड्याला एखाद्या वेळी ठीक आहे. महिनोन्‌महिने गव्हाचा कोंडाच मुख्य खुराक ठेवला तर त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी कमी, मग शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं आणि जबड्याची हाडं फुगतात.

आता खरी खबरदारीची जागा. १८ व्या प्रकरणात ब्यूटी रात्री डॉक्टरांना आणायला भरधाव पळतो आणि घामानं निथळत परततो. ज्यो ग्रीन, साडेचौदा वर्षांचा पोरगा, अंगावर घोंगडी टाकत नाही आणि थंडगार पाणी पाजतो. घोड्याला फुप्फुसाचा दाह होतो. पुढच्या प्रकरणात तिथला गाडीवान जॉन मॅन्ली ज्योच्या बापाला अज्ञानाबद्दल जे सुनावतो ते अस्सल आहे, मुलानं जरूर ऐकावं. पण धडा जसाच्या तसा उचलला तर अनर्थ होईल. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. वरातीतून आलेल्या तापलेल्या घोडीवर घोंगडी टाकणं आणि तिला पाणी तोडणं म्हणजे तिला उष्माघाताच्या दारात उभं करणं. आज पशुवैद्यक सांगतात ते असं: सावलीत, वारा लागेल अशा जागी उभी करा, मानेवर, छातीवर, पोटाखाली, पायांवर सतत पाणी ओतत राहा आणि पिण्यासाठी बादली पुढे ठेवा. तापलेल्या घोड्याला पाणी पाजलं की पोट दुखतं ही समजूत खोटी आहे. शांत घोड्याचा ताप गुदद्वारात थर्मामीटर लावून ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असतो, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. ताप ४० च्या वर चढला, श्वास नाडीइतके किंवा त्याहून जास्त पडायला लागले, तर ओतणं थांबवू नका आणि डॉक्टरांना फोन लावा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती लगेच बसली नाही, तर अंगातलं पाणी उतरलं आहे.

कायदाही इथे घोडीच्या बाजूनं आहे. जुंपणीच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. त्यांत ३७ अंशांच्या वर तापमान जाणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ काम घ्यायला मनाई आहे. दिवसाला ९ तासांहून जास्त आणि मध्ये विसावा न देता सलग ५ तासांहून जास्त काम घेता येत नाही. काटेरी लगामावरही बंदी आहे. २२ आणि २३ व्या प्रकरणांत हौशी मालकीणबाई मान उंच दिसावी म्हणून घोड्यांची तोंडं आखडून बांधायला लावते. त्यानं मान दुखते, श्वास कोंडतो, चढावर जोर लावता येत नाही, आणि ब्यूटीच्या जोडीची घोडी जिंजर एके दिवशी उधळून लाथा झाडते. मान ताणून बांधलेली वरातीची घोडी बँडच्या आवाजात उधळली, तर आधी तोंडातला लगाम आणि बांधलेली मान पाहावी. दोष घोडीच्या स्वभावाला नंतर द्यावा.

नालेबद्दलचं २५ वं प्रकरण नालबंद व्हायचंय त्या मुलानं दोनदा वाचावं. तबेल्यात काम करणाऱ्या रूबेन स्मिथला नालेचा खिळा सैल झाल्याचं सांगतात, तो दारूच्या नशेत ऐकत नाही आणि नव्यानं खडी टाकलेल्या रस्त्यावर घोडा पळवतो. नाल निघते, खूर फुटतो, घोडा गुडघ्यावर कोसळतो, स्वार मरतो. लेखिकेनं कारणांची साखळी एकही कडी न गाळता मांडली आहे. खूर वाढतच असतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून, खूर छाटून, पुन्हा बसवावी लागते. नाल झिजलेली नसली तरीही. खिळे खुराच्या कडेच्या मेलेल्या भागातूनच जायला हवेत. भिंत आणि तळवा यांच्यामध्ये जी फिकट रेघ दिसते, तिच्या आत खिळा गेला की तो जिवंत मांसात गेला. लंगडणं लगेच दिसतं, किंवा एक-दोन दिवसांनी खूर गरम लागायला लागतो. खिळे टाचेकडे, खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या मागे, मारू नयेत, कारण पाऊल टेकताना टाच पसरते आणि खिळ्यांनी ती जखडते. चालताना टापांमध्ये एखादी टाप खळखळ वाजली तर तिथेच थांबून वाकवलेली खिळ्यांची टोकं बोटानं चाचपावी. आणि धनुर्वाताची लस टोचलेली हवीच, घोड्याला हा रोग फार लवकर होतो.

२८ व्या प्रकरणात पुढच्या खुरात दगड अडकतो आणि ‘लंगडा घोडा दिला’ म्हणून हाकणारा माणूस कुरकुरत राहतो. वाटेत भेटलेला शेतकरी पाय उचलून दगड काढतो. गिट्टीच्या रस्त्यांवर हे आपल्याकडे रोजचं आहे.

१६ व्या प्रकरणातल्या आगीबद्दल एवढंच, की उन्हाळ्यात कुटाराच्या गंजीशेजारी घोडी बांधणाऱ्यांनी ते घरच्यांना वाचून दाखवावं. घाबरलेला घोडा जळत्या तबेल्यातून बाहेर येत नाही. तबेल्यातला पोरगा जेम्स शांतपणे थोपटतो, डोळ्यांवर रुमाल बांधतो आणि चालवत बाहेर काढतो. आपला दुपट्टा हेच काम करतो. घोडी नेहमी एका ओढीत सुटणाऱ्या गाठीनं बांधावी.

पुस्तकातल्या उणिवा सांगायच्या तर काही प्रकरणांत उपदेश लांबतो, विशेषतः दारू आणि रविवारच्या सुट्टीबद्दल. लंडनच्या भाड्याच्या गाड्यांचे नियम मुलांना कळत नाहीत. घोडा माणसासारखा विचार करतो हे गोष्टीपुरतं ठीक आहे. मोठी उणीव ही की घोड्याजवळ मुलानं स्वतःला जपून कसं वागावं हे नीट सांगितलेलं नाही. ते आपण सांगायचं: मागून जायचं नाही, आवाज देत खांद्याकडून जवळ जायचं, दोर हाताला गुंडाळायचा नाही, पायात चप्पल नको, बंद बूट हवा.

घोडेबाजाराचं ३२ वं प्रकरण सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेला जाण्याआधी वाचावं. पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडी-जोडीनं पडतात, त्यामुळे पाचव्या वर्षी तोंड भरतं. त्यापुढे वयाचा अंदाज विक्रेत्याच्या बोलण्यावर सोडू नये. नाकातून घट्ट स्राव किंवा अंगावर गाठी दिसल्या तर हात लावू नका. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो, आणि घोड्याला तो निघाला तर कायद्यानं घोडा मारावा लागतो. रक्ततपासणीचा दाखला मागा.

पुस्तक संपल्यावर पोरगा पुढचं विचारेल. पशुवैद्य व्हायचं असेल तर बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र, मग ‘नीट’, मग साडेपाच वर्षांची पदवी. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे. शिक्षणापेक्षा हातकामाची ओढ असेल तर लष्कराच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरमध्ये स्वार आणि नालबंद अशी पदं असतात, त्यांचं केंद्र मेरठला आहे. जॉकीसाठी मुंबई-पुण्याच्या शर्यतींकडे वळावं लागतं आणि हलकं वजन टिकवावं लागतं. घरी राहून चांगला नालबंद होणं यांतल्या कशापेक्षाही कमी नाही. तालुक्याच्या गावात चांगला नालबंद शोधून सापडत नाही, आणि ज्याचा हात स्वच्छ त्याला बोलावणी येतातच.

विकत घेताना अनुक्रमणिका पाहा. पूर्ण पुस्तकात चार भाग आणि ४९ प्रकरणं आहेत. संक्षिप्त प्रतीत रूबेन स्मिथ, फिल्चर आणि स्मर्क ही तीन नावं सापडत नसतील तर ती ठेवून द्या, कामाचा भाग त्यातून गेलेला आहे. मूळ इंग्रजी मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतो. भाषा जुनी आहे, म्हणून मोठ्यांनी दिवसाला दोन प्रकरणं मराठीत सांगत वाचावीत, महिन्याच्या आत संपतं. ४० वं प्रकरण जिंजरच्या मृत्यूचं. ते रात्री झोपताना वाचू नका. दिवसा वाचा, घोडी जवळ बांधलेली असेल तेव्हा, आणि पोराला हवा तेवढा वेळ तिच्या मानेवर हात फिरवू द्या.