‘पॅडॉकमधून थेट’ टिपा विकणाऱ्या टोळीने माझे ३५,९९९ रुपये खाल्ले

आधीच सांगतो, मी रेसमध्ये नवखा नाही. पुण्याचा सीझन जुलैत सुरू झाला की कॅम्पातल्या रेसकोर्सवर माझी हजेरी असते. नोव्हेंबरनंतर मुंबईत महालक्ष्मीला रोज जाणं जमत नाही, पण फेब्रुवारीतली डर्बी चुकवत नाही. रेसबुक, म्हणजे त्या दिवसाच्या रेस आणि घोड्यांची माहिती देणारं पुस्तक, वाचता येतं. हँडिकॅपमध्ये (चांगल्या घोड्यावर जास्त वजन देऊन रेस बरोबरीची करतात) कुठल्या घोड्यावर किती किलो चढलेत, बाराशे मीटरवाला सोळाशेला का उतरवलाय, शिकाऊ जॉकीमुळे किती वजन सुटतंय, पावसाने ट्रॅक किती मऊ झालाय, हे बघूनच मी तिकीट काढतो. त्यामुळे ‘काकांना काय कळतंय, लोभात अडकले’ असं म्हणणाऱ्यांनी पुढचं वाचूच नये.

टेलिग्रामवर एक चॅनल आहे. नाव देत नाही, कारण ते दर महिन्याला बदलतं. तिथे प्रत्येक रेसचा छान सविस्तर अंदाज येतो. ‘मंगळवारी पहाटे ६०० मीटर ३८ सेकंदात, मूव्ड फ्रीली. मागच्या वेळी गेटमधून उशिरा सुटला, तरी चौथा आला. आज दोन किलो हलका.’ भाषा अस्सल. असणारच, कारण अर्धा मजकूर रेसबुकातल्या ट्रॅकवर्कमधून, म्हणजे घोड्यांच्या सरावाच्या नोंदींमधून, जसाच्या तसा उचललेला! जे तुमच्या हातात छापून येतं त्यासाठी एक रुपयाही कुणाला देऊ नका.

सुरुवातीला फुकट टिपा आल्या आणि चालल्या. मग एका रविवारच्या कार्डाचे, म्हणजे त्या दिवसाच्या सगळ्या रेसचे, २,५०० मागितले. ते वसूल झाले. मग महिन्याचं ‘व्हीआयपी’ ७,५००. माझ्या जागी कुणीही भरले असते. आता एक ऑक्टोबर २०२३ पासून टोटवर, म्हणजे रेसकोर्सच्या अधिकृत बेटिंगमध्ये, लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी, तो सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. म्हणजे शंभराची नोट पुढे केली की खेळ सुरू व्हायच्या आधीच सरकारचा हात त्यात. अशा वेळी चार रेस सोडून एकच पक्की लावावी असं वाटणं गुन्हा आहे का?

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की अजून रात्री डोकं तापतं.

व्हीआयपीत आल्यावर एका रविवारी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी मेसेज आला. ‘पॅडॉकमधून थेट. चौथी रेस, तीन नंबर. घोडा आत्ताच डोळ्यांनी बघितला. अंगावर चकाकी, चाल मोकळी, एकदम थंड. डोळे मिटून लावा.’

सकाळी अकरा चाळीसला! पॅडॉक म्हणजे रेसआधी घोडे फिरवून दाखवतात ते आवार. चौथ्या रेसचा घोडा तिथे येतो तो तिसरी रेस आटोपल्यावर, स्वतःची रेस सुटायच्या जेमतेम वीस मिनिटं आधी. सकाळी अकराला तिथे माळ्याशिवाय कुणी नसतं. हे मला माहीत नाही का? चांगलं माहीत आहे. मी मेसेज वाचला, वेळ बघितली, आणि मनात म्हटलं, तबेल्यात बघितला असेल, लिहिताना पॅडॉक लिहिलं. चॅनलवाल्याच्या वतीने सबब मीच शोधली.

चौथ्या रेसच्या आधी मी पॅडॉकच्या कठड्याला टेकून उभा होतो. तीन नंबर आला तोच मान झटकत. मागच्या दोन पायांच्या मधे साबणासारखा पांढरा फेस, मानेवर लगाम घासतो तिथे घामाची रेघ, घोडा सांभाळणारा पोरगा दोन्ही हातांनी धरून कसाबसा फिरवतोय. फोनवर ‘एकदम थंड’ आणि समोर हे! चॅनल तिथेच बंद करून घरी यायला हवं होतं.

पण तो घोडा जिंकला. सव्वा लांबीने. हेच माझं दुर्दैव. हरला असता तर माझे सव्वीस हजार वाचले असते.

त्या विजयाच्या जोरावर चॅनलवाल्याने ‘जॅकपॉट पॅकेज’ विकलं, २१,००० रुपये. सलग पाच रेसचे विजेते, ‘आतून आलेली माहिती’, एका जॉकीच्या नातेवाइकाचा हवाला. (जॉकीला सगळं ठाऊक असतं असं समजणाऱ्यांनी एकदा हरणाऱ्या फेवरिटवर बसलेल्या जॉकीचा चेहरा बघावा.) पैसे यूपीआयने एका बाईच्या नावावरच्या खात्यात गेले. आधीचे दोन हप्ते वेगळ्याच नावांवर गेले होते. पैसे घेणारं नाव दर वेळी बदलत असेल तर तिथेच थांबा.

पहिल्याच रेसमध्ये आमचा घोडा मागून दुसरा. जॅकपॉट संपला. दुसऱ्या रेसच्या आधी मी टोटच्या रांगेत उभा, पुढच्या मुलाच्या फोनवर तोच पिवळा बॅनर, तोच मजकूर, शब्दन्‌शब्द. फक्त नंबर वेगळा.

मी विचारलं, “तुम्हालाही व्हीआयपी आहे का?”

तो म्हणाला, “हो काका, मला सात आलाय. तुम्हाला?”

मला दोन आला होता.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. आठ घोडे, आठ गट, प्रत्येक गटाला वेगळा नंबर. एक गट जिंकतोच, त्याला मोठं पॅकेज विकायचं, बाकीच्यांना हाकलायचं. आम्ही दोघांनी मेसेज टाकल्यावर पाच मिनिटांत दोघेही ब्लॉक, आणि चॅट त्याच्या बाजूने पुसून माझ्याकडूनही गायब. म्हणून स्क्रीनशॉट भांडायच्या आधी काढा. भांडणानंतर काही उरत नाही.

मग ‘रिफंड विभाग’ असा फोन आला. माझे तिन्ही व्यवहार, तारखा, रकमा त्याला तोंडपाठ. ३१,००० परत मिळतील, ४,९९९ प्रोसेसिंग भरा. भरले. रकमा बरोबर सांगतोय म्हटल्यावर माणूस काय समजणार? त्या रकमा अर्थातच चोरांनाच माहीत होत्या.

आता यंत्रणेचं ऐका. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे गोठवता येतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं. माझ्या बाबतीत खातं गोठवलं तेव्हा त्यात ११२ रुपये होते. बँकेत गेलो तर काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, “पिन तुम्हीच टाकला ना सर?” मग काय पिन चोराने येऊन टाकायचा होता?

पोलीस ठाण्यात तर कहरच. रेस हा शब्द ऐकल्याबरोबर हवालदार हसायलाच लागले. “काका, जुगारात पैसे गेले तर त्याची पण तक्रार?” मी सांगितलं, घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मद्रासच्या केसमध्ये म्हटलंय, आणि माझी तक्रार हरल्याची नाहीच, खोटं बोलून पैसे उकळल्याची आहे. तर म्हणाले, “सल्ला विकत घेतलात, सल्ला मिळाला. चुकला. यात फसवणूक कुठे?” मग एकाच वेळी आठ जणांना आठ घोडे ‘पक्के’ म्हणून विकणं हा काय सल्ला झाला? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? तिथून सायबरला पाठवलं. सायबरने रक्कम ऐकून परत ठाण्यात पाठवलं, तिथे साहेब बंदोबस्ताला. लाखाच्या खाली गेलेले पैसे म्हणजे जणू रस्त्यात पडलेलं नाणं! वर मी निघताना एक जण हळूच म्हणाला, “घरी माहितीये का?” घरी माहीत नव्हतं. आता आहे, आणि त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

‘टोटवर कशाला टॅक्स भरता, आमच्या माणसाकडे लावा’ असंही हे लोक सुचवतात. तिकडे अजिबात वळू नका. तो बेकायदा बुकी, त्याच्याकडे अडकलेल्या पैशासाठी ठाण्याची पायरीसुद्धा चढता येणार नाही.

माझ्या तक्रारीपुढे अजून ‘प्रक्रियेत’ एवढंच दिसतं. चॅनल नव्या नावाने चालू आहे, बॅनर आता हिरवा. या सीझनला ‘पॅडॉकमधून थेट’चे मेसेज ज्यांना आले असतील त्यांनी स्वतःला आलेला नंबर, रेस आणि मेसेजची वेळ खाली लिहा. रांगेत भेटलेल्या त्या मुलाचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे, त्याचा सात आणि माझा दोन मिळून दोन नंबर झालेत. आठही नंबर जमले की एकत्र अर्ज घेऊन थेट आयुक्तालयात जाऊ.