दहा वर्षांच्या वॉरंटीत पावसाळा बसत नाही

आमच्या मॉड्युलर किचनला पाचपैकी अडीच तारे देतेय, आणि त्यातले दोन ट्रॉल्यांना आहेत. ट्रॉल्या खरोखर छान. तेलाच्या किटलीपासून पितळेच्या पातेल्यापर्यंत सगळं खच्चून भरलं तरी बोटाने ढकलल्या की सरकतात, आणि शेवटच्या चार इंचांत आपोआप हळू होतात. बिजागऱ्याही अजून कुरकुरल्या नाहीत. उरलेला अर्धा तारा फिटिंगला आलेल्या पोरांना, कारण जाताना ओटा पुसून गेले. आता वॉरंटीबद्दल लिहिते.

आम्ही रत्नागिरीत राहतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जुलैत मिठाला पाणी सुटतं, आणि पश्चिमेकडच्या भिंतीला ओल येते हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. शोरूमवाल्याला तर असायलाच हवं, त्याचं दुकान इथेच आहे. त्याच्या काउंटरवर काचेच्या ग्लासात पाणी आणि त्यात एचडीएचएमआरचा, म्हणजे कपाटं ज्याची करतात त्या बोर्डाचा, तुकडा बुडवून ठेवलेला. ‘काकू, वर्ष झालं, बघा फुगलाय का?’ नव्हता फुगला. पण त्या तुकड्याच्या चारही कडांना पट्टी मारलेली होती. एल आकाराच्या किचनचे तीन लाख दहा हजार दिले, कोटेशनवर ‘१० वर्षांची वॉरंटी’ असं ठळक अक्षरात.

दुसऱ्या पावसाळ्यात सिंकखालच्या कपाटाची मागची फळी फुगली. लॅमिनेटला फोड आला, दाबला की आत भुसा जाणवायचा, आणि दार उघडलं की बुरशीचा वास. तक्रार नोंदवली तेव्हा वॉरंटीचं पुस्तक पहिल्यांदा कंपनीनेच मला मेलवर पाठवलं. पैसे घेताना हातात फक्त कोटेशन होतं. त्या पुस्तकात काय काय वगळलंय ते वाचा: गळती, पाझर, भिंतीची ओल, साचलेलं पाणी, वाफ, दमट हवा, पूर, वाळवी. मग वॉरंटी कशाची? दुष्काळाची?

पाहणीला एक साहेब आले. हातात ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र. सिंकमागच्या भिंतीला लावलं, यंत्र ओरडलं, साहेबांनी फोटो काढला. ‘मॅम, सिव्हिल इश्यू आहे.’ म्हणजे दोष घराच्या बांधकामाचा, त्यांचा नाही. मी म्हटलं, आता हॉलच्या भिंतीला लावा. तिथेही ओरडलं. बेडरूमच्या भिंतीलाही. जुलै महिना होता हो! मग मी त्यांना ओट्याच्या दुसऱ्या हाताला, डाळींच्या डब्यांचं कपाट उघडून दाखवलं. तीच भिंत, तोच बोर्ड, त्याच दिवशी बसवलेला, आणि मागची फळी सपाट.

फरक एवढाच की त्या फळीला भोक नाही.

सगळं भांडण या एका भोकाचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. एचडीएचएमआर म्हणजे लाकडाचा लगदा राळेसोबत दाबून केलेला घट्ट बोर्ड. दोन्ही बाजूंना लॅमिनेट, कडांना कारखान्यात यंत्राने चिकटवलेली पट्टी. तोवर तो पाण्याला बऱ्यापैकी तोंड देतो. पण सिंकच्या पाइपसाठी फळी कापतात ती आपल्या घरी, फिटिंगच्या दिवशी, ड्रिलला गोल पातं लावून. त्या कापलेल्या कडेला ना लॅमिनेट ना पट्टी. तिथे सिलिकॉन किंवा सीलर भरायचा असतो. आमच्याकडे भरलाच नव्हता. वरून प्लास्टिकची गोल चकती बसवली, की भोक दिसत नाही आणि प्रश्न मिटला.

खरंच गळती असती तर पाणी खाली साचून आधी तळाची फळी आणि पायाकडची कड फुगली असती. आमची तळाची फळी कोरडी होती, तिच्यावरचा अॅल्युमिनियमचा पत्राही स्वच्छ. फुगवटा होता तो पाइपभोवती गोल कडं करून, तळापासून वीतभर वर. आमच्या नेहमीच्या प्लंबरने सांधे तपासून ‘गळती नाही’ असं बिलाच्या कागदावर सही करून लिहून दिलं. चकती काढून उघड्या कडेचे फोटो काढले. तुमच्याकडे असं झालं तर सुताराला बोलवायच्या आधी हे फोटो काढा, कारण एकदा फळी निघाली की फुगवटा कुठून सुरू झाला हे कुणालाच सिद्ध करता येत नाही.

वरच्या कपाटाची पट्टीही एका जागी सुटली आहे, मोदकपात्राच्या बरोबर वर. त्या बाबतीत कंपनीचं म्हणणं मला अर्धं पटलं. गरम लावायचा साधा गोंद वाफेने मऊ पडतोच. (पीयूआर, म्हणजे पॉलियुरेथेनचा, गोंद जास्त टिकतो, पण तो मागितल्याशिवाय कुणी देत नाही.) पण भाद्रपदातलं मोदकपात्र बघून ‘मॅम, तुम्ही ऑर्डरी घेता का? कमर्शियल वापर असेल तर वॉरंटीच जाते,’ हे जरा अतीच झालं. घरी एकवीस मोदक करणं हा धंदा असेल तर अख्ख्या कोकणाने गुमास्ता लायसन्स काढायला हवं.

मेलामेलीत पावसाळा संपला. शेवटी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार टाकली. तिथले लोक निकाल देत नाहीत, कंपनीकडे तक्रार पोचवून उत्तर मागतात. सोबत मी कंपनीला लिहिलं की माझी तक्रार ओलीची नाहीच, फिटिंगच्या कामातल्या त्रुटीची आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तिथे जाता येतं, हेही लिहिलं. ज्यांना आधी भिंतीची ओल दिसत होती, त्यांना मग अचानक ‘सद्भावना म्हणून’ फळी बदलावीशी वाटली. चूक कागदावर कबूल केलेली नाही. मागची फळी आणि एक बाजू मरीन प्लायची, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडची, करून दिली, त्यावरचा आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का मी स्वतः बघून घेतला. तो प्लाय ७२ तास उकळत्या पाण्याच्या चाचणीतून गेलेला असतो. सिंकखाली पहिल्यापासून तोच घालायला काय हरकत होती? दोन फळ्यांनी तीन लाखांच्या कोटेशनमध्ये किती फरक पडला असता?

यांच्याकडून घ्यायचंच असेल तर वॉरंटीचं पुस्तक अॅडव्हान्स देण्याआधी मागा, आणि कोटेशनवर ‘साइटवर कापलेली प्रत्येक कड सील करून देऊ’ हे एक वाक्य लिहून घ्या. नुसतं ‘वॉटरप्रूफ बोर्ड’ लिहिलं असेल तर बोर्डाचं नाव आणि ग्रेड लिहायला लावा.

वरच्या कपाटाचं पट्टी सुटलेलं शटर, म्हणजे दार, त्यांनी वॉरंटीत धरलं नाही, त्याचे चार हजार दोनशे मी भरले. नवीन शटरचा पांढरा रंग बाकीच्यांपेक्षा निळसर आलाय. कळवलंय. अजून उत्तर नाही.