निवृत्तीनंतर शेजार कुणाचा? पुणे, कोकणातलं गाव आणि गोवा

साठीच्या आसपासची जोडपी घर बघायला निघाली की हॉस्पिटल किती लांब, पाणी किती तास, लिफ्टला जनरेटर आहे का, हे सगळं मोकळेपणाने विचारतात. एक प्रश्न मात्र एजंटला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारला जातो: "लोक कसे आहेत?" आपल्या धर्माचे, जातीचे, विचारांचे आहेत का, हे सगळं त्या तीन शब्दांत आलेलं असतं.

मला हा प्रश्न लाजण्यासारखा वाटत नाही. नोकरीत असताना दिवसभर आपण घराबाहेर असतो आणि शेजारी नावापुरता माहीत असतो. निवृत्तीनंतर तोच माणूस सकाळी जिन्यात भेटतो, संध्याकाळी बाकावर शेजारी बसतो आणि मध्यरात्री छातीत दुखायला लागलं की त्याचंच दार वाजवावं लागतं. त्याच्याशी रोज भांडायचं किंवा रोज गप्प बसायचं, दोन्ही वीस-वीस वर्षं झेपत नाही. तेव्हा शेजार बघून घर घ्यावंच. प्रश्न इतकाच की नेमकं काय बघायचं.

बहुतेक जण आधी मत कुणाला पडतं ते बघतात. ते शोधायला सोपंही आहे. निवडणूक आयोगाच्या फॉर्म २० मध्ये कुठल्या मतदान केंद्रावर कुठल्या उमेदवाराला किती मतं पडली, ते छापलेलं असतं. जिल्ह्याचं आणि तालुक्याचं धर्मनिहाय चित्र २०११ च्या जनगणनेत मिळतं. पण आपल्याकडे पक्षाच्या पाटीवरून शेजाऱ्याचा स्वभाव ओळखणं फार कच्चं गणित आहे. पुण्याच्या कसब्यात मार्च २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेस जिंकली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये भाजप. दीड वर्षात पेठांमधली माणसं बदलली नव्हती. कणकवलीने २०१४ मध्ये काँग्रेसचा आमदार दिला, २०१९ मध्ये भाजपचा, आणि माणूस तोच होता. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार एकदम भाजपमध्ये गेले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आणखी आठ. पाटी बघून घर घ्याल तर रजिस्ट्रेशनची शाई वाळायच्या आत पाटी बदललेली असेल.

रोज भिडतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत. स्वयंपाकघरात काय शिजवता, सणाला वर्गणी किती आणि आवाज किती, पाण्याची आणि रस्त्याची किल्ली कुणाच्या हातात आहे, आणि शेवटी आपल्याला नेणार कुठे. या चार बाबतींत बहुमतापेक्षा वेगळं वागणाऱ्या घराला तिथे कसं वागवतात, ते मी आधी बघेन.

पुणे

पुण्याचा मोठा फायदा म्हणजे इथे प्रत्येक विचाराला स्वतःची जागा आहे. संघाचं मोतीबाग शनिवार पेठेत आहे, समाजवाद्यांचं एस. एम. जोशी सभागृह नवी पेठेत आणि महात्मा फुल्यांचा वाडा गंज पेठेत. समाजसुधारक हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं ते १९७० साली, याच शहरात. वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची. तुमचा शेजारी तुमच्या विचारांचा नसला तरी रिक्षाने वीस मिनिटांवर तुमच्या विचारांची पन्नास माणसं खुर्च्या मांडून बसलेली सापडतात. निवृत्त माणसाला याचं मोल फार असतं. शेजाऱ्याकडून सगळं मिळालंच पाहिजे, हा हट्ट इथे धरावा लागत नाही.

पण घर शहरात घेतलं तरी आपण राहतो सोसायटीत, आणि सोसायटी लहान असते. कोथरूड, कर्वेनगर, बावधनच्या बऱ्याच सोसायट्यांत सगळे जवळपास एकाच थरातले आणि एकाच सुराचे असतात. जो त्या सुरात नसतो त्याला कुणी त्रास देत नाही, पण ग्रुपवर सकाळी येणाऱ्या राजकीय मेसेजना उत्तर द्यायचं की नाही, हे रोज नव्याने ठरवावं लागतं. माझा सल्ला असा की घर घेण्याआधी सोसायटीच्या वार्षिक सभेची मागच्या तीन वर्षांची इतिवृत्तं मागून वाचा. गणपतीची वर्गणी ऐच्छिक आहे की मेंटेनन्सच्या बिलात आपोआप येते, क्लब हाउस सत्संगाला मिळतं तसं ईदच्या किंवा नाताळच्या जेवणालाही मिळतं का, फ्लॅट भाड्याने देताना 'फक्त शाकाहारी कुटुंबाला' असा अलिखित नियम कोण चालवतं, हे त्या कागदांत दिसतं. एका सोसायटीच्या इतिवृत्तात 'ओल्या कचऱ्यात हाडे व मासळीचे अवशेष टाकू नयेत' असा ठराव मी वाचला आहे. सूचक-अनुमोदकांची नावं खाली होती. बांगडा तळणाऱ्या माणसाला तिथे काय वाट्याला येईल, ते त्या एका ओळीत कळतं.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राच्या सहकार कायद्यानुसार पुरेशा कारणाशिवाय कुणाला सभासदत्व नाकारता येत नाही. पण अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा उपविधी, म्हणजे सोसायटीचा स्वतःचा नियम, वैध ठरवला. म्हणून उपविधींची प्रत आधी वाचावी. आणि भाडेकरूच्या बाबतीत कायद्यापर्यंत गोष्ट जातच नाही. "कालच दिला हो फ्लॅट," एवढंच सांगतात.

मिश्र शेजार हवा असेल तर पुण्यातच कॅम्प, वानवडी, फातिमानगरचा भाग बघावा. पारशी, बोहरी, ख्रिस्ती, शीख, मराठी, सिंधी असे सगळे तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. साळुंके विहारला फौजेतून निवृत्त झालेली कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, आणि फौजेतल्या माणसांना सर्वधर्म परेडची सवय असते. आंतरधर्मीय जोडप्यांना मी नि:शंकपणे या बाजूला जायला सांगेन.

पुण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला, तो याच शहरात. व्याख्यानमालांचं शहर म्हणून इथे सगळं आपोआप सुरक्षित आहे, असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

कोकणातलं गाव

इथे हिशेब पूर्ण उलटा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावात तुम्ही कुणाला मत देता याला शेजारी फार किंमत देत नाही. तुम्ही कुणाचे, कुठल्या वाडीतले आणि गावकीत, म्हणजे गावाचे मान आणि रीती ठरवणाऱ्या मंडळींत, बसता की नाही, याला देतो. वाडी ही बहुतेक गावांत जातीची असते, हे गोड शब्दांत गुंडाळण्यात अर्थ नाही. कुणबीवाडी, भंडारवाडी, बौद्धवाडी आणि मुसलमानांचा मोहल्ला यांच्यामध्ये ओढा किंवा पाणंद असते. मुंबईत चाळीस वर्षं काढून परतलेल्या चाकरमान्यालाही गाव त्याच्या वाडीवरूनच ओळखतं.

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी दारात येते, तेव्हा हे सगळं एका अंगणात दिसतं. कुठल्या घरापासून सुरुवात, कुणाचा खांदा आधी, नारळ कुणी वाढवायचा, हे मान ठरलेले असतात आणि त्यावरून खरी भांडणं होतात. श्रद्धा असलेल्या माणसाला आपल्या दारात पालखी नाचते त्या रात्रीचं सुख कुठल्याही शहरात मिळणार नाही, हे मी मनापासून सांगते. पण ज्याने पालखी नको म्हटलं, त्याला "का?" याचं उत्तर पुढची अनेक वर्षं द्यावं लागतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट नळाची. गावातलं पाणी ग्रामपंचायतीच्या योजनेचं असतं आणि वाडीवाडीचे व्हॉल्व सोडायला एक माणूस नेमलेला असतो. पंचायत कुणाच्या ताब्यात आहे, हे तुमच्या नळाला सकाळी किती वेळ पाणी येतं त्यावरून कळू शकतं. पायवाट कुणाच्या सातबाऱ्यातून जाते, गाडी अंगणापर्यंत येते की वरच्या रस्त्यावर ठेवून पायऱ्या उतराव्या लागतात, हेही असंच. रुग्णवाहिका त्याच वाटेने यायची आहे. बांधाचा वाद असलेलं घर कितीही स्वस्त मिळालं तरी सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने घेऊ नये.

बहुमताशी पटलं नाही तर काय होतं, याचं कठोर उत्तर महाराष्ट्राने कायद्यात लिहून ठेवलं आहे. वाळीत टाकण्याच्या प्रकारांमुळे, आणि त्यांत रायगड जिल्ह्यातल्या तक्रारी बऱ्याच होत्या, सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा विधिमंडळाने २०१६ साली मंजूर केला आणि तो २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. कायद्यामुळे धाक आला. पण लग्नाच्या जेवणाला न बोलावलेल्या म्हाताऱ्या बाईला पोलीस ठाण्यात जाण्याचं बळ कुठून येणार?

पक्षापेक्षा इथे शेजारी तुटतात ते प्रकल्पावरून. आधी जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, मग नाणारची रिफायनरी, मग बारसूची. नाणारची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली आणि एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती परीक्षणावरून बाया उन्हात आडव्या झाल्या. जमीन विकणारा आणि न विकणारा असे एकाच घराण्यात दोन गट पडले. राजापूर तालुक्यात घर बघत असाल तर आमदार कोण हे विचारण्याआधी रिफायनरीवर या वाडीचं म्हणणं काय आहे, ते विचारा.

गावात मूळ नसलेल्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट: शेतकरी नसाल तर महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही. बिगरशेती प्लॉटच घ्यावा लागतो, आणि असे प्लॉट बहुधा गावाच्या कडेला, मुंबई-पुण्याच्या लोकांच्याच वसाहतीत असतात. म्हणजे कोकणात राहायला जाऊन शेजार मात्र ठाण्याचा मिळतो. काहींना तेच हवं असतं आणि त्यात गैर काही नाही.

गोवा

२०११ च्या जनगणनेत गोव्यात हिंदू ६६ टक्के, ख्रिस्ती २५ आणि मुसलमान ८ टक्क्यांच्या आसपास होते. पण सरासरीवर जाऊ नका. फोंड्याच्या अंत्रुज महालात मंगेशी, म्हार्दोळ, शांतादुर्गा यांच्या आसऱ्याने गावं वसली आहेत. देवळाच्या मंडपात मराठी नाटकं होतात, घरात मराठी पेपर येतो. धार्मिक मराठी कुटुंबाला तिथे परकं वाटणार नाही. दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यात चर्चच्या घंटेवर दिवस चालतो. मे महिन्यात रस्त्याकडेच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, लादायन असतं, म्हणजे गाऊन केलेली प्रार्थना. शेजारीपाजारी उभ्याने गातात, मग उकडलेले चणे आणि पेला फिरतो. हिंदू शेजारी तिथे सहज थांबतात. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मेरी मातेच्या) फेस्ताला, म्हणजे चर्चच्या उत्सवाला, हिंदूही तेल वाहायला जातात. खाण्यापिण्यावरून कुणी कुणाच्या घरात डोकावत नाही, ही गोव्याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट. मासे तळले म्हणून ठराव होणार नाही.

घर्षण वेगळ्या जागी आहे. गोंयकार म्हणजे मूळ गोव्याचे आणि भायले म्हणजे बाहेरून आलेले, ही तिथली धारदार रेघ. घाटावरून आलेला माणूस कुठल्या देवाला हात जोडतो यापेक्षा तो डोंगर कापणाऱ्या बिल्डरचं गिऱ्हाईक आहे का, हे गाव बघतं. २०२२ मध्ये रेव्होल्यूशनरी गोवन्स या नव्या पक्षाने विधानसभेची सांत आंद्रेची जागा जिंकली, ती याच भावनेवर. ग्रामसभा तिथे खरोखर भरतात आणि तापतात, आणि मोठ्या गेटबंद प्रकल्पात फ्लॅट घेतलेल्याच्या वाट्याला त्या रागातलं थोडं येतंच. मराठी माणसासाठी आणखी एक नाजूक जागा आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला आणि १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषा केलं. "कोंकणी म्हणजे मराठीचीच बोली ना?" हे वाक्य तिथल्या शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून उच्चारू नये. चार शब्द कोंकणीत बोलायला शिकलात तर दारं उघडतात.

शेजार गोव्याचा नको, पण तिथलं हवामान आणि बांबोळीचं मेडिकल कॉलेज जवळ हवं, अशांसाठी सावंतवाडी-दोडामार्गचा पट्टा आहे. तिथले लोक मोठ्या आजाराला बांबोळीलाच जातात.

मग कुणी कुठे?

ज्येष्ठांसाठी बांधलेल्या खास वसाहतींवर मी फार लिहिणार नाही. सोयी चांगल्या असतात, पण सगळे एकाच वयाचे आणि बहुधा एकाच वर्गाचे. तुम्ही त्या बहुमतात असाल तर सुखी व्हाल. नसाल तर जेवणाच्या हॉलमध्ये दिवसातून दोनदा ते जाणवेल, कारण तिथून उठून जायला दुसरी जागा नसते.

देवाधर्माचं मनापासून करत असाल, गावात मूळ असेल आणि घरावर वाद नसेल तर कोकण. श्रद्धा नसेल, मतं ठाम असतील आणि ती बोलून दाखवायची सवय असेल तर पुणे, आणि त्यातही सोसायटी जितकी मिश्र तितकी बरी. दोन धर्मांचं जोडपं असेल तर कॅम्प-वानवडी किंवा पणजी. बौद्ध किंवा मुसलमान कुटुंब असेल आणि गावात स्वतःचं घर नसेल, तर मी आजच्या घडीला अनोळखी गावात एकट्याने घर बांधा असं सांगणार नाही. हे लिहिताना वाईट वाटतं, पण म्हातारपणी कुणी प्रयोग म्हणून राहू नये.

कुठेही जा, आधी भाड्याने राहा. त्या मुदतीत गणपती, शिमगा किंवा फेस्त आणि जमल्यास पंचायतीची किंवा महापालिकेची निवडणूक पदरात पडू द्या. आणि तिथे राहताना स्मशानाची चौकशी करा. पुण्यात वैकुंठात विद्युतदाहिनी आहे, कुठलाही विधी न करता निरोप देता येतो, कुणी विचारत नाही. गावात स्मशानं वाडीवार असू शकतात आणि खांदा द्यायला गावकी लागते. विधी नको असतील, देहदान करायचं असेल, तर ते शेजाऱ्यांना हयातीतच सांगून, कागद करून ठेवावं लागतं.

शेवटचा मुद्दा नवरा-बायकोंनी आपसात बोलण्याचा आहे. जागा बहुधा नवऱ्याच्या मतांवर निवडली जाते: त्याचे मित्र, त्याची शाखा किंवा त्याची चळवळ, त्याचं गाव. मागे राहते ती बहुधा बायको. तेव्हा दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा की एकटं राहायची वेळ आली तर याच घरात राहाल का, आणि रात्री पहिलं दार कुणाचं वाजवाल. तिच्या कागदावर नाव येत नसेल तर ते घर घेऊ नका.