विहीर-बोअरच्या पाण्याचा विचार करून कोणतं सनस्क्रीन घ्यावं?

सनस्क्रीन घेताना ‘केमिकल (सेंद्रिय रसायनांचं) की मिनरल (झिंक, टायटॅनियमच्या खनिजांचं)’ एवढंच विचारून भागत नाही, निदान अंघोळीचं पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरत असेल तर नाहीच. त्यातला घटक मातीला चिकटून बसतो की पाण्याबरोबर पुढे सरकतो, आणि अंधारात त्याचं विघटन होतं का, हे पाहायला हवं.

अंधाराचा मुद्दा सहज निसटतो. तळ्यात किंवा समुद्रात ॲव्होबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट या केमिकल सनस्क्रीनमधल्या घटकांचे रेणू उन्हानेही बदलतात, तुटतात. जमिनीखाली ऊन पोचत नाही, ऑक्सिजनही बेताचाच. तिथे सगळी भिस्त जिवाणूंवर.

ऑक्टोक्रिलीन या केमिकल घटकाचं नाव बरंच बदनाम आहे, पण ते तेलात रमणारं. गाळाला आणि मातीतल्या सेंद्रिय अंशाला घट्ट चिकटतं, त्यामुळे खोल झिरपणं त्याला जड जातं. साचतं ते वरच्या थरात आणि सांडपाण्याच्या गाळात. याउलट एन्सुलिझोल आणि बेन्झोफिनोन-4 पाण्यात विरघळतात. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो आणि मातीच्या कणांवरही बहुतांशी तोच, म्हणून माती त्यांना फारसं धरून ठेवत नाही. भूजलाच्या दृष्टीने मला हीच जोडी जास्त खटकते. पाकिटावर एन्सुलिझोल ‘फेनिलबेन्झिमिडाझोल सल्फॉनिक ॲसिड’ या लांबलचक नावानेही छापलेलं असतं.

ऑक्सिबेन्झोन, म्हणजे बेन्झोफिनोन-3, या दोन्हींच्या मधलं. बार्सिलोना शहराखालच्या भूजलात ते नॅनोग्रॅम प्रतिलिटर इतक्या सूक्ष्म प्रमाणात सापडलं आहे. जिवाणू त्याचं विघटन करतात, ऑक्सिजन नसतानाही. पण त्यातला मिथिल गट (रेणूचा एक छोटा तुकडा) निघाला की बेन्झोफिनोन-1 उरतं, आणि त्याचा इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखा परिणाम मूळ रसायनापेक्षा जास्त असतो. शिवाय ऑक्सिबेन्झोन त्वचेतून रक्तात जातं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणजे अंग न धुताही ते सांडपाण्यात पोचतंच. हवाईने 1 जानेवारी 2021पासून त्याच्या आणि ऑक्टिनॉक्सेटच्या सनस्क्रीनची डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय होणारी विक्री थांबवली ती प्रवाळांसाठी. माझ्या मते विहिरीसाठीही ते टाळावं.

मिनरलमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड विरघळत नाही. त्याचे कण गुठळ्या होऊन मातीत अडकतात. विघटन शून्य, पण सरकणंही कमी. झिंक ऑक्साइड हळूहळू विरघळून जस्त सुटं होतं, आम्लधर्मी पाण्यात जरा लवकर. चिकणमाती त्यातलं बरंचसं धरून ठेवते. उन्हातल्या लांब लहरींच्या अतिनील (यूव्हीए) किरणांपासून मात्र झिंकच अधिक चांगलं वाचवतं.

म्हणून माझी पहिली पसंती झिंक ऑक्साइड. जमीन आम्लधर्मी आणि रेताड असेल तर टायटॅनियमचं प्रमाण जास्त असलेलं मिश्रण घ्या. चेहऱ्यावर पांढरा थर नकोच असेल तर बेमोट्रिझिनॉल हा केमिकल घटक असलेलं बघा: उन्हात टिकतं, पाण्यात जवळपास विरघळत नाही. मातीत ते रेंगाळेल, हे मात्र धरून चला.

आणि तासन्‌तास उन्हात राहायचं असेल, तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून क्रीम फक्त चेहरा, मान आणि पंजांपुरतं लावा. जमिनीत जाणारं प्रमाण त्यानेच सगळ्यात जास्त घटतं.