जुन्या स्टीलच्या सायकलला डिस्क ब्रेक: काही महिने चालवल्यावर

जुन्या स्टीलच्या फ्रेमला डिस्क ब्रेक बसवावेत का? माझं आजचं उत्तर असं: पुढे जरूर बसवा, पण नवा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) करून घेऊन. मागे बसवू नका. ऊन, पाऊस, चिखल, लांबलचक उतार, कधी सामान लादून तर कधी रिकामी, असे काही महिने सायकल दामटल्यावर हे सांगतोय.

माझी फ्रेम १९८० च्या दशकातली, रेनॉल्ड्स ५३१ नळ्यांची, लग (सांध्यावरचे बाहीसारखे तुकडे) वापरून ब्रेझिंगने (झाळून) जोडलेली. मागच्या ड्रॉपआउटमधलं (चाकाचा अॅक्सल बसतो त्या खाचांमधलं) अंतर १२६ मिमी, पुढचं १०० मिमी, स्टिअरर (चिमट्याची फ्रेममध्ये जाणारी नळी) एक इंची आणि आट्यांचा. डिस्कच्या काळात या मापांपैकी फक्त पुढचं १०० मिमी सरळ जुळतं.

खरा प्रश्न चिमट्याचा आहे. रिम ब्रेक चाकाच्या कडेवर घासतो आणि त्याचा जोर चिमट्याच्या माथ्यावर येतो, जिथे तो सगळ्यात दणकट असतो. डिस्कचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) बसतो डाव्या पायाच्या अगदी खालच्या टोकाला. शिवाय चाकाची त्रिज्या साधारण ३४० मिमी आणि १६० मिमीच्या रोटरवर (हबला जोडलेल्या चकतीवर) पॅड जिथे घासतात तिथली त्रिज्या जेमतेम ७५ मिमी. म्हणजे जमिनीवर जेवढा ब्रेक लागतो, त्याच्या चौपटीहून जास्त जोर कॅलिपरला पेलावा लागतो. जुन्या चिमट्याचे पाय खाली निमुळते होत जातात ते रस्त्याचे हादरे गिळायला. हा जोर, तोही एकाच बाजूला, त्यांच्यासाठी नाही. जुन्याच चिमट्याला कॅलिपर अडकवायचं पाते जोडून डिस्क लावणारे आहेत, पण तशा सायकलवर मी उतार उतरणार नाही.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कॅलिपर पायाच्या मागे असतो आणि तिथे रोटर खालून वर फिरत असतो. पॅडने त्याला धरलं की उलटा जोर अॅक्सलला खाली ढकलतो, आणि जुन्या चिमट्याचं ड्रॉपआउट नेमकं खालीच उघडं असतं. म्हणून नवा चिमटा घडवून घेताना मी ड्रॉपआउट पुढच्या बाजूला उघडणारं आणि कडा असलेलं मागितलं. क्विक रिलीजही (अॅक्सल आवळायची खिट्टी) आतल्या कॅमचा घेतला. बाहेरच्या कॅमचे हलके प्रकार दिसायला छान, पण त्यांची पकड कमी.

तयार चिमटा का घेतला नाही? आजचे बहुतेक तयार डिस्क चिमटे १ १/८ इंची स्टिअररचे किंवा खाली रुंद होत जाणारे, आणि लांबीलाही जास्त. चिमटा २० मिमी लांब झाला तरी हेडट्यूबचा (चिमटा ज्यात फिरतो त्या नळीचा) कोन सुमारे एक अंशाने कलतो आणि हँडल सुस्तावतं. या फ्रेमची चपळ चाल हेच तर तिचं सुख, ते मला घालवायचं नव्हतं. लांबी आणि रेक (चिमट्याचा पुढे येणारा बाक) जुन्या चिमट्याइतकेच ठेवून घेतले आणि चाल तशीच राहिली.

आता अनुभव. कोरड्या रस्त्यावर चांगला रिम ब्रेकसुद्धा मागचं चाक उचलू शकतो, त्यामुळे निव्वळ ताकदीसाठी हा खटाटोप नाही. फरक कळतो पावसात. ओल्या रिमवर आधी पाणी पुसलं जातं, मग पॅड धरतो, आणि तो मधला क्षण जिवावर येतो. डिस्कला ती वाट फारशी पाहावी लागत नाही. लिव्हर दाबावी तसा वेग उतरतो, थोडी सैल केली की तेवढाच सुटतो. लांब उतारावर तळहात दुखायचे, ते थांबलं. रिम झिजत नाही, हा आणखी एक फायदा.

कॅलिपर मी केबलचाच ठेवला, अॅव्हिड बीबी७ चा रोड प्रकार, कारण जुन्या लिव्हर सोडवत नव्हत्या. इथे जपून निवडा: रोड लिव्हर केबल कमी ओढते, आणि माउंटन प्रकारचा कॅलिपर तिच्याशी जुळत नाही. यात एकच पॅड हलतो. पॅड झिजले की कॅलिपरच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या हाताने फिरवून अंतर साधावं लागतं. पावसाळी दिवसांत हे वरचेवर करावं लागतं. बाहेरची केबल न दबणारी घेतली, तेव्हा लिव्हरचा भुसभुशीतपणा गेला. चाक बसवताना सायकल जमिनीवर टेकवूनच क्विक रिलीज आवळा, नाहीतर रोटर घासत राहतो. साखळीचं तेल रोटरवर उडू देऊ नका. एकदा पॅडमध्ये मुरलं की ब्रेक किंचाळतो आणि धरतही नाही.

तोटा खरा आहे. डिस्कचा चिमटा जड आहे आणि ताठ आहे. जुन्याची ती लवचीक झुळझुळ गेली, खडबडीत रस्त्यावर मनगटांना कळतं. ३२ मिमीचा टायर, हवा थोडी कमी, यावर बरंच भागतं, सगळं नाही.

मागच्या बाजूचं थोडक्यात सांगतो. फ्रेम १२६ वरून १३५ मिमीपर्यंत फाकवून घेतली. स्टीलला हे चालतं, पण दोन्ही बाजू सारख्या उघडल्यात का ते दोरा लावून तपासायला हवं आणि ड्रॉपआउट पुन्हा समांतर करायला हवेत. कॅलिपरसाठी स्टेवर (मागचं चाक धरणाऱ्या नळीवर) आवळायचं अॅडॉप्टर लावून पाहिलं. जोरात ब्रेक मारला की ते कणभर सरकायचं, सीटस्टे लवायचा आणि कर्कश आवाज यायचा. काढून टाकलं. पक्कं पाते ब्रेझ करता आलं असतं, पण पातळ नळीला पुन्हा तापवणं, रंग जाळणं आणि वर आधाराची नळी जोडणं, हे कशासाठी? ब्रेक लागताच वजन पुढे सरकतं आणि मागचं चाक लवकर घसरू लागतं. तिथे जुना रिम ब्रेक पुरतो, आणि हब डिस्कचा असला तरी रिम मात्र ब्रेकची घासपट्टी असलेली घेतल्यामुळे माझं काही अडलं नाही.

आणि तुमच्या सायकलला अजून क्रोमच्या स्टील रिम असतील, तर आधी अॅल्युमिनियमच्या रिम आणि चांगले पॅड घालून पावसात चालवून बघा. चिमटा घडवायला टाकण्याआधी हे करायलाच हवं.